दोनदा, थांबून एकदा

१

गळती शोधायची एक रीत असते. आधी नाक, मग बोट, मग कागद. नाकाला कळतं की गळतंय, बोटाला कळतं कुठून गळतंय आणि गाडीखाली तासभर पसरलेल्या कागदावरून कळतं किती गळतंय. लोक काय करतात, तर पाना उचलतात आणि थेट कार्बोरेटर उघडतात. अरे बाबा, पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचं पोट डॉक्टर लगेच फाडतो का? एकतीस वर्षं मी हेच ओरडतोय. ऐकतो कोण!

जुन्या मोटारसायकली हा माझा धंदा. घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत गाड्या असतात. मागच्या खोलीत सुटे भाग, एक टेबल, एक खाट आणि मी. वरच्या मजल्यावर वहिनी आणि पुतणी राहतात. मी लग्न केलं नाही. माझी बडबड ऐकून घेणारी कुणी भेटलीच नाही. पुतणीला सगळे भिंगरी म्हणतात. ते नाव तिच्या बापानं, म्हणजे माझ्या दादानं, ठेवलं, कारण ती एका जागी बसायची नाही. तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता सव्वीसची आहे, तरी तेच. तिला सायकल शिकवण्यापासून तापात कपाळावर पट्ट्या ठेवण्यापर्यंत सगळं मी केलं. या जगात मला माझं म्हणावं असं माणूस ते एकच.

सोमवारी सकाळी ती खाली आली आणि गाड्यांच्या मागे, कोपऱ्यात ताडपत्रीखाली असलेल्या गाडीवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, रविवारी सकाळी मी निघणार. नव्या नोकरीवर. तीनशे किलोमीटर आहे, आणि मी बाबांच्या गाडीवर जाणार."

"ती गाडी एकवीस वर्षं उभी आहे गं."

"मग पाय दुखले असतील तिचे. फिरवून आणते."

मी हसलो. त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. पण भिंगरीला मी आजवर एकदाही नाही म्हणालेलो नाही, आणि तिला ते पक्कं ठाऊक आहे.

२

चार दिवस मी त्या गाडीत मान खुपसून होतो. टाकी आतून धुतली, पाइप बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. त्या पेट्रोलवर फ्लोट तरंगतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एका सुईनं पेट्रोलचं तोंड बंद करतो. एवढंच काय ते. या वाटीत बिघडण्यासारख्या चारच गोष्टी: सुई झिजते, फ्लोटला भोक पडतं, वाटीचं पॅकिंग फाटतं, नाहीतर टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची चावी, नीट बंद होत नाही.

मी चारही गोष्टी नव्या घातल्या. फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असतं तर खळखळलं असतं. आवाज नव्हता. पॅकिंग स्वतः कापलं, जाड कागदाचं, काठ न् काठ जुळवून. गुरुवारी सकाळी टाकीत एकवीस वर्षांनी पहिल्यांदा पेट्रोल ओतलं, कॉक उघडला आणि गाडीखाली कागद पसरला. दोन तास समोर स्टूल टाकून बसलो. कागद ठणठणीत कोरडा. मग कॉक बंद केला, हात धुतले आणि वहिनींनी वरून हाक मारली म्हणून जेवायला गेलो.

वीस मिनिटांत परत आलो तेव्हा कागदावर बशीएवढा ओला डाग होता आणि खोलीभर पेट्रोलचा वास सुटला होता.

कॉक उघडा होता.

आता मी माणूस आहे, विसरू शकतो. बंद केला असं वाटलं असेल आणि केला नसेल. स्वतःला दोन शिव्या हासडल्या, कॉक बंद केला आणि वाटी परत उघडली. सुई चोख होती, पॅकिंगसुद्धा. आणि समजा कॉक माझ्याकडूनच उघडा राहिला असेल, तरी आधीचे दोन तास तो उघडाच होता की. तेव्हा थेंब पडला नाही आणि वीस मिनिटांत बशीभर कसं सांडलं?

याचं उत्तर एकच होतं, आणि ते मला सुचलंही होतं. ते मी मनातून ढकलून दिलं.

३

अशा जुन्या कार्बोरेटरला वरच्या बाजूला एक बारीकसं बटण असतं, हरभऱ्याएवढं. गार इंजिन सुरू करायचं तर किक मारण्याआधी ते दाबायचं. बटण फ्लोटला खाली ढकलतं, पेट्रोलचं तोंड उघडं राहतं, वाटी काठोकाठ भरते आणि थोडं पेट्रोल बाहेर येऊन बोटाला लागतं. बोट ओलं झालं की समजायचं, पेट्रोल आलंय, मारा किक. मी ते बटण दाबलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी, अजून उजेड होता, मी मागच्या खोलीत टेबलाशी बसून एक स्प्रिंग शोधत होतो. पुढच्या खोलीतून आवाज आला. टिक, टिक. मग जरा थांबून, टिक.

माझा हात डब्यातच राहिला.

प्रत्येकाची बटण दाबायची एक सवय असते. मी एकदाच दाबतो आणि धरून ठेवतो. भिंगरीला अजून दाबताच येत नाही. दादा दोनदा दाबायचा, थांबायचा, बोट बघायचा आणि मग एकदा. लहानपणी सकाळी तो आवाज ऐकूनच मी जागा व्हायचो, कारण त्यानंतर किकचा आवाज यायचा आणि मग दादा गेलेला असायचा.

मी उठलो नाही. फ्लोट हलला असेल, म्हटलं. नवीन सुई जागेवर बसताना आवाज करते. पत्रा गार होताना वाजतो. अशी सहा-सात कारणं मी स्वतःला दिली आणि सगळी बरोबर होती, फक्त ती 'दोनदा, थांबून एकदा' अशी वाजत नाहीत. पाच मिनिटांनी पुढे गेलो. कागद ओला आणि कॉक उघडा.

"काय सांडलंत हो भाऊजी?" जिन्यावरून वहिनी उतरत होत्या, हातात चहाचा कप. त्यांनी दारातच थांबून खोल श्वास घेतला. "यांच्या शर्टाला असाच वास येतो."

वहिनी दादाबद्दल अशाच बोलतात. एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडून कधी 'होते' आलेलं नाही. मला त्याची सवय आहे, पण त्या दिवशी कप घेताना चहा बशीत सांडला.

४

दादाचं काय झालं ते सांगतो. लोकांना जेवढं माहीत आहे तेवढं आधी.

तो एका सकाळी कामासाठी गाडीवर निघाला, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याला गाडी सापडली. सरळ, लांबलचक रस्ता. दोन्हीकडे ना घर ना झाड. गाडी व्यवस्थित स्टँडवर लावलेली, कॉक बंद, सीटवर जाकिटाची घडी. टाकी कोरडी. बाजूला पट्ट्यानं बांधलेला लाल कॅन असायचा, तो पट्ट्यासकट नव्हता. म्हणजे पेट्रोल संपलं आणि तो कॅन घेऊन पायी निघाला, इतकं स्पष्ट होतं. पुढचा पंप सहा किलोमीटरवर. पंपावर कुणी आलं नव्हतं. मागच्या गावातही कुणी आलं नव्हतं. महिनाभर शोधलं, मग सगळ्यांनी हात टेकले.

आता लोकांना जे माहीत नाही ते. आदल्या दिवशी दादानं मला सांगितलं होतं, वाटीतून गळतंय, लांब जायचंय, नीट करून ठेव. मी उघडून पाहिलं. पॅकिंग फाटलं होतं. नवीन कापायला तासभर लागला असता आणि बाहेर दोस्त हाका मारत होते, पोहायला चल म्हणून. मी अंगाच्या साबणाची वडी घेतली आणि वाटीच्या सांध्यावर गच्च घासली. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. तासभर गळती थांबते. अडल्यावेळी सगळेच मिस्त्री करतात. पण करून सांगतात, की बाबा रे, हे तात्पुरतं आहे.

दादानं विचारलं, "झालं का रे?"

मी म्हणालो, "झालंय."

इंजिन तापलं, साबण धक्क्यांनी गळून पडला आणि टाकी थेंबाथेंबानं रस्त्यावर रिकामी झाली. गाडी घरी आणली तेव्हा सांध्यात पांढरी कड उरली होती. ती मी नखानं खरवडून काढली आणि कुणालाही बोललो नाही. पोलिसांना नाही, वहिनींना नाही. वहिनी अजूनही ताटं मांडताना चौथं पान घेतात आणि परत ठेवतात. मी मान खाली घालून जेवतो.

५

शुक्रवारी मी खात्री करायची ठरवली. ठरवताना स्वतःलाच वेड्यात काढत होतो, पण ठरवलं. बटणावर घट्ट ग्रीसचा ठिपका लावला, कॉक बंद केला, शटर आतून ओढून कुलूप घातलं आणि जिन्याकडच्या दारालाही कडी लावली. मागच्या खोलीत जाऊन पाठ भिंतीला टेकून बसलो. दुपारचे अडीच वाजले होते. रस्त्यावर कुणीतरी गालिचा झोडपत होतं, आणि त्या साध्यासुध्या आवाजाचा मला केवढा आधार वाटला!

मग गालिच्याचा आवाज थांबला.

कॉक फिरला. नवीन कॉक घट्ट असतो, कर्र करतो. टिक, टिक. मी मनात म्हणत होतो, बस्स झालं, नको. आणि पुढच्या खोलीत कुणीतरी वाट पाहत होतं. बोट बघत होतं, पेट्रोल आलं का ते.

टिक.

मी दारापर्यंत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. शटरच्या फटींतून ऊन आत येत होतं, कागदावर डाग पसरत होता. बटणावरचं ग्रीस दाबून चपटं झालं होतं आणि त्यात अंगठ्याचा ठसा होता. ठशाच्या मधोमध तिरकी रेघ. दादाचा अंगठा चेनमध्ये सापडून कापला होता. ती खूण जन्मभर राहिली. मी स्वतःचा अंगठा शेजारी धरून पाहिला. वेड्यासारखा दोन-तीन वेळा पाहिला. माझ्या अंगठ्यावर एक ओरखडा नाही.

तेव्हा मला कळलं. एकवीस वर्षं टाकी कोरडी होती, म्हणून एकवीस वर्षं शांतता होती. मी पेट्रोल ओतलं, आणि आता तो बघायला येत होता. त्याला निघायचं होतं.

आणि रविवारी गाडीवर भिंगरी बसणार होती.

६

शनिवारी मी सगळं पेट्रोल काढलं. टाकी, पाइप, वाटी, सगळं उलटं करून पुसून घेतलं, आणि ते पेट्रोल गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याला देऊन आलो. गाडी कोरडी ठाक केली. दिवसभर एकही टिक आली नाही. मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट मी दुमडून तारेनं बांधले. ते का, विचारू नका.

संध्याकाळी भिंगरी उड्या मारत खाली आली. नवीन हेल्मेट घालून, आरशात बघून आली होती.

"काका, वास गेला की! सापडली गळती?"

आता सांग, मी स्वतःला म्हणालो. साबणाचं सांग, आवाजांचं सांग, वेडा म्हणायचं तर म्हणू दे. पण मग ती विचारणार, तुम्ही एकवीस वर्षं हे पोटात ठेवलंत? माझ्या आईला रोज ते पान मांडताना बघत होतात? आणि मग ती मला काका म्हणणार नाही. एवढ्याचीच भीती होती, दुसरी कसली नाही. सकाळी सांगू, म्हटलं. पेट्रोलच नाही तर ती जाते कुठे? सकाळी शांतपणे बसवून सांगू.

"झालं का पण?" तिनं विचारलं.

"झालंय," मी म्हणालो.

शब्द तोंडातून निघून गेला. तिनं मला मिठी मारली. तिच्या हेल्मेटची कड माझ्या हनुवटीला लागली, अजून दुखतंय तिथे.

मागच्या खोलीत झोपायची माझी छाती झाली नाही. पाठ दुखतेय असं सांगून वर बैठकीत पडलो. किती तरी वेळ डोळा लागला नाही, आणि लागला तो असा की उजाडलेलं कळलंच नाही. किकच्या आवाजानं जाग आली.

इंजिन सुरू होतं.

७

जिना मी कसा उतरलो ठाऊक नाही. शटर वर केलेलं होतं. भिंगरी रस्त्यावर गाडीवर बसली होती, पाठीला सॅक, सकाळचं ऊन तोंडावर.

"काका! उठवणार होते तुम्हाला, पण आई म्हणाली पाठ दुखतेय, झोपू दे." इंजिनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून ती ओरडत होती. "आणि थँक्यू हं, पेट्रोलसाठी! कॅन गाडीपाशीच होता. सगळं ओतलं टाकीत."

"कुठला कॅन?"

"तो लाल. आत आहे."

"भिंगरे, खाली उतर. आधी खाली उतर, मला सांगायचंय..."

"पोचले की फोन करते! रडू नका हं!"

तिनं गिअर टाकला. तेव्हा मला दिसलं. मी एकतीस वर्षं या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगा बघतोय. पन्नास किलोची पोर एकटी बसली की त्या किती दबतात ते मला डोळे मिटून सांगता येतं. त्या त्याच्या दुप्पट दबल्या होत्या. मागचे दोन्ही फूटरेस्ट खाली होते आणि मी बांधलेली तार लोंबत होती. वळणावर गाडी कलली तेव्हा तिच्या सॅकच्या मागे जाकिटाची बाही दिसली, कोपरात दुमडलेली. एवढंच दिसलं. मग गाडी कोपऱ्यावरून गेली. मी हाका मारत राहिलो.

वर गॅलरीत वहिनी उभ्या होत्या, कठडा दोन्ही हातांनी धरून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. एकवीस वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे वर का नाही आले?"

मी आत पळालो. कॅन जमिनीवर होता. लाल रंग बहुतेक उडालेला, पट्टा त्यालाच गुंडाळलेला, तळ झिजून चांदीसारखा पांढरा झालेला. किती चालल्यावर एवढा झिजतो कॅन? तळाचा सांधा उकलला होता आणि त्यावर साबण घासला होता. मऊ, ओला, आजचा साबण. त्यात अंगठ्याचा ठसा होता, तिरक्या रेघेचा.

फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असताना ती उचलत नाही. मीच शिकवलंय तिला.

बाहेर येऊन रस्त्याकडे पाहिलं तर जिथे गाडी उभी होती तिथे एक ओला ठिपका होता. थोड्या अंतरावर दुसरा. मग तिसरा, वळणापर्यंत. नाक, बोट, कागद. मी वाकून बोट लावलं आणि नाकाशी नेलं. पेट्रोलच होतं.

मी दुसऱ्या गाडीच्या किल्ल्या शोधल्या नाहीत. का नाही शोधल्या, देव जाणे. कॅन उचलला, पट्टा खांद्याला अडकवला आणि ठिपक्यांमागे निघालो.

गल्ली संपली, मग वस्ती संपली. आता ऊन डोक्यावर आलंय आणि रस्ता सरळ आहे. दोन्हीकडे ना घर ना झाड. भिंगरीचा फोन अजून वाजतोच आहे. समोरून येणाऱ्या एकाही ट्रकवाल्यानं माझ्याकडे पाहिलेलं नाही. उन्हात सांडलेलं पेट्रोल मिनिटभरात उडून जातं, हे मला कुणी शिकवायला नको. पण माझ्या पुढचे ठिपके अजून ओले आहेत.